बाटलीवरचा बॅच नंबर

माझी बायको मला भांडकुदळ गिऱ्हाईक म्हणते आणि ते खरंच आहे. सौदीत, अल-खोबरच्या एका दुकानात घेतलेलं मिक्सरचं भांडं गळत होतं, तर मी त्या मॅनेजरला लागोपाठ तीन शुक्रवार उभं केलं. पोटही याच स्वभावावर चालतं. अल खफजीला, समुद्रातल्या तेलाच्या कामावर मी क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. पोलादाच्या प्लेटवर ठोकलेला नंबर आणि तिच्या कागदावरचा नंबर जुळला नाही, तर मी लाल खडूने फुली मारतो आणि प्लेट बाजूला काढायला लावतो. कुणाच्या बापाचं ऐकत नाही. माणूस काम करतो तिथे एवढा काटेकोर असतो आणि सुटीच्या संध्याकाळी कसा वागतो, हे मला आता चांगलं ठाऊक आहे.

आमच्या प्लॅटफॉर्मचे काही भाग थायलंडच्या एका यार्डात बनत होते. ते तपासायला कंपनीने आम्हा दोघांना तीन आठवडे पाठवलं. मी आणि आमचे वेल्डिंगचे फोरमन. ते रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे, वयाने माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. आमचा सगळा कामगार-कॅम्प त्यांना भाई म्हणतो, मीही भाईच म्हणायचो. ते मात्र मला साहेब म्हणत, कितीही सांगितलं तरी. पाच वेळची नमाज कधी चुकली नाही. पाइपात वाकून वाकून कंबर गेलेली, त्यामुळे झोप अशी नव्हतीच. यार्डात लाल डोळ्यांनी यायचे आणि तरीही कामात खोट नसायची.

तिथे गांजा नुकताच कायद्याने मोकळा झाला होता. हॉटेलपासून यार्डापर्यंतच्या रस्त्यावर हिरव्या पानाच्या पाट्या मी मोजायचं सोडून दिलं. साबण, चहा, बिस्किटं, मलम, सगळ्यावर ते पान. अंगदुखीवर आणि झोपेवर रामबाण, असं जो तो सांगायचा. मला वाटलं, कायदेशीर आहे, दुकानात मिळतंय, भाईंसाठी बघू.

आधी मी जेलीच्या गोळ्या हातात घेतल्या आणि लगेच ठेवून दिल्या. जेलीत जनावरापासून काढलेलं जिलेटीन असणार, ते भाईंना चालायचं नाही. दारूतला अर्क होता, तोही नको. शेवटी खोबरेल तेलातले थेंब घेतले. जिभेखाली चार थेंब, नशा येणारा भाग शून्य, असं वर लिहिलेलं. भाईंनी बाटली उलटसुलट करून पाहिली.

"साहेब, ह्याच्यात दारू नाय ना? जनावराचं काय नाय ना?"

"काही नाही. झाडाचं तेल आहे. झोप लागते."

दोन्ही उत्तरं खरी होती. कुठल्या झाडाचं, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी बाटली माझ्या हातात परत ठेवली असती, हे मला त्याच क्षणी माहीत होतं. म्हणून तर सांगितलं नाही.

पहिल्या बाटलीने काही झालं नाही. मी स्वतः चाखून पाहिली, नुसतं खोबरेल. माझ्यातला गिऱ्हाईक जागा झाला. दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन काउंटरवरच्या मुलीला फैलावर घेतलं. गुण येत नाही, बदलून द्या. यात नेमकं काय आणि किती आहे, त्याचा कागद दाखवा. तिला काहीच माहीत नव्हतं. कागद मालकाकडे, मालक बाहेरगावी. शेजारच्या दोन दुकानांत विचारलं तर दोघांनी त्याच बाटलीची दोन वेगळी मापं सांगितली. शेवटी त्या मुलीने कंटाळून आतून दुसरी बाटली आणून दिली. खोका नव्हता, आणि एका लेबलावर दुसरं लेबल चिकटवलेलं होतं. वरच्या लेबलावर शून्य. खालच्यावर काय होतं, ते मी नखाने उकरूनसुद्धा पाहिलं नाही. अशी प्लेट यार्डात समोर आली असती तर मी अख्खा लॉट नाकारला असता. तिथे मात्र भांडण जिंकल्याच्या आनंदात बाटली खिशात घालून आलो.

भाई झोपू लागले. दहा दिवस गाढ झोपले. सकाळी हसत येऊन म्हणायचे, "साहेब, तुमी लय सवाबाचं काम केलंत." पुण्याचं काम! मी तेव्हा फुशारून गेलो होतो. बाटली तिथेच संपली आणि आम्ही परत आलो.

खफजीला आल्यावर चौथ्या दिवशी बोटीवर चढण्याआधीची नशेसाठीची लघवीची तपासणी झाली. ती प्लॅटफॉर्मवर जाणाऱ्यांची होते, आम्हा ऑफिसवाल्यांची नाही. भाईंचा रिपोर्ट खराब आला. पुन्हा केली, पुन्हा तेच. ते माझ्याकडे आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"मशीन चुकली आसंल, साहेब. मी पानसुद्धा खात नाय."

मी म्हणालो, बघतो.

आणि मी काय बघितलं? त्या दुकानाला मेसेज केले. सुरुवातीला उत्तर म्हणून एक हिरवं पान आणि एक हसरा चेहरा आला. मग मी तपासणीचा कागद मागितला, तर कसल्याशा प्रयोगशाळेचा फोटो आला, पण त्यावरचा बॅच नंबर आमच्या बाटलीचा नव्हता. बाटलीचा फोटो माझ्या फोनमध्ये होता, मी दोनदा ताडून पाहिलं. मी संतापून लांबलचक तक्रार लिहिली. त्यावर दुसऱ्याच कुणाचं उत्तर आलं, की दुकान विकलं, आता तिथे फळांचा रस मिळतो. मी त्या माणसाशीही अर्धा तास भांडलो.

भांडता भांडता लक्षात आलं, हा कागद मला मिळाला तरी मी तो कुणाला दाखवणार होतो? डॉक्टरपुढे ठेवायचा तर बाटली कुणी घेतली ते सांगावं लागणार. मग माझा इकामा म्हणजे राहण्याचा परवाना, खोबरचा फ्लॅट, मुलीचं दहावीचं वर्ष. मी शुक्रवारी घरी गेलो आणि बायकोला सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "त्यांना सांगून दिलं होतंस ना?" मुलगी पलीकडे अभ्यास करत होती. मी हळू आवाजात हो म्हणालो. बायकोशीही खोटं बोललो.

पोलिसात प्रकरण न नेता फायनल एक्झिटचा, म्हणजे कायमचं मायदेशी धाडण्याचा शिक्का मारायचं ठरलं. ही मोठी मेहेरबानी समजा, असं कॅम्प बॉस सांगत फिरत होता. कफील, म्हणजे ज्याच्या व्हिसावर भाई आले होते तो मालक, एका शब्दात मोकळा झाला, खलास. बावीस वर्षं काम केलेला माणूस गांजेकस म्हणून परत जाणार होता. कॅम्पात नमाज भाईच पढवायचे आणि पोरं त्यांच्या मागे उभी राहायची. ती आता मेसमध्ये त्यांच्या टेबलावर बसेनात.

जायच्या दिवशी तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजेनंतर त्यांनी मला खोलीबाहेर बोलावलं. बॅग बांधून झाली होती. मला वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"साहेब, डॉक्टरने इचारलं, परदेशात काय घेतलंस. मी सांगितलं, काय नाय. तुमची पोरगी शाळेत हाय." त्यांनी खोलीचं दार मागे ओढून घेतलं. "नोकरीचं सोडा. ती अल्लाने दिली, त्यानेच नेली. पण नशेची चीज पोटात गेली आसंल तर मला तौबा करायला पायजे. इतके दिस मी लोकांच्या पुढं उभा राहून नमाज पढलो. तेवढं खरं सांगा. मी कुनाला बोलनार नाय."

त्यांनी मला वाचवलं होतं आणि बदल्यात एक शब्द मागत होते. तो शब्द सांगून माझं काहीच जाणार नव्हतं. फक्त मला सगळं आधीपासून माहीत होतं, हे त्यांना कळलं असतं, आणि ते मला त्यांच्या डोळ्यांत बघायचं नव्हतं.

"नाही, भाई," मी म्हणालो, "तौबा करायची काही गरज नाही."

त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि माझे आभार मानले.