चार हजार एकशे अठरा खड्डे

खड्डा एक मीटर खोल हवा, तेवढाच रुंद, आणि त्याची एक बाजू उभी, सुरीनं तासून घेतलेली हवी. त्या बाजूवर ऊन पडलं की मातीचे थर दिसतात. वर काळसर, मध्ये तपकिरी, खाली चुनखडीचे पांढरे ठिपके. तीन थरांतून तीन पिशव्या भरायच्या, प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी आत आणि एक बाहेर. मग खड्डा बुजवायचा, शेताच्या मालकाला सांगायचं आणि पुढच्या गावाला निघायचं. मृदा सर्वेक्षण कार्यालयातल्या सहायक बाईंनी बावीस वर्षांत असे चार हजार एकशे अठरा खड्डे खणून घेतले. कार्यालयात त्यांना खड्डेबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि त्या ओ देतात.

नाव ठेवलं ते जीपच्या ड्रायव्हरनं. "रस्त्यातले खड्डे मी चुकवायचे आणि शेतातले बाईंनी खणायचे, अशी आमची वाटणी आहे," असं तो नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतो.

कार्यालय म्हणजे तळमजल्यावरच्या तीन खोल्या. मागच्या खोलीत माती वाळवायची भट्टी, मधल्या खोलीत चाळण्या आणि तराजू, पुढच्या खोलीत टेबलं. बाईंच्या टेबलामागं लोखंडी कपाट आहे. त्यात चव्वेचाळीस वह्या. पुठ्ठ्याला कापड चिकटवलेलं, आत सगळं पेन्सिलीनं लिहिलेलं, कारण शेतात शाई टिकत नाही. या वह्यांमधल्या आकड्यांचं बावीस वर्षं एकच व्हायचं. वर्षअखेरीला त्यांची सरासरी निघायची आणि वार्षिक अहवालाच्या एका तक्त्यात एक ओळ भरली जायची. एवढ्या खड्ड्यांमधून अशा बावीस ओळी निघाल्या. अहवाल कोणी वाचत असेल, असा बाईंचा समज नव्हता.

दोन वर्षांपूर्वी साहेब बदलले. नवे साहेब कमी बोलणारे आणि धोपटमार्गी, पण यंदा वरून आलेलं एक पत्र त्यांनी मनावर घेतलं. कार्यालयाकडे असलेली सगळी स्थानासहितची माहिती खुली करायची होती. कुठल्या अक्षांश-रेखांशावर कसली माती, किती खोल, पाणी किती धरते, सेंद्रिय कर्ब किती, हे जगात कुणालाही फुकट बघता येईल आणि उतरवून घेता येईल. मक्यावर काम करणारा संशोधक असो की पाणलोटाची आखणी करणारा अभियंता, त्याला सरासरी नको असते. त्याला नेमका तो खड्डा हवा असतो.

बाईंच्या निवृत्तीला तेव्हा तीन महिने उरले होते. कपाटातल्या वह्या त्यांच्याशिवाय कोणाला लागत नव्हत्या. त्यांच्यामागं त्या रद्दीत जाणार, हे न बोलता सगळ्यांना माहीत होतं. आता प्रत्येक खड्डा आपापल्या जागेवर उभा राहणार होता. बाईंनी घरी फक्त इतकंच सांगितलं, "अहो, आपलं काम बाहेर पडतंय." बस कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेल्या यजमानांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढून विचारलं, "सगळं? ते शेतमालकाचं कुत्रं मागं लागलेलं पण?"

खड्ड्यांची संगणकातली यादी एका कृषी संशोधन संस्थेकडे तपासायला गेली. दहाव्या दिवशी तिथल्या शास्त्रज्ञ बाईंचा फोन आला. उपग्रहाच्या चित्रावर त्यांनी सगळे बिंदू टाकून पाहिले होते. सहाशे अकरा खड्डे रस्त्यावर येत होते. काही बांधांवर, आणि एक चक्क शाळेच्या छपरावर. बाकीचे शेतात दिसत होते, पण ते बरोबर त्याच शेतात आहेत हे कशावरून? खुलासा मिळेपर्यंत ही माहिती वापरता येणार नाही, असं त्या नीट, सभ्य शब्दांत म्हणाल्या.

दुपारपर्यंत बातमी तिन्ही खोल्यांत फिरली. ड्रायव्हर म्हणाला, "म्हणजे शेवटी खड्डेबाईंचे खड्डे पण रस्त्यावरच निघाले." सगळे हसले. बाई हसल्या नाहीत.

साहेबांनी त्यांना आत बोलावलं. "हे बघा बाई, आपण यादी मागं घेऊ. तुमची नोकरी स्वच्छ झालीये, शेवटी कशाला शोभा करून घ्यायची? मी लिहितो, तांत्रिक कारणानं."

"साहेब, रस्त्यावर खड्डा खणला असता तर मला पोलिसांनी धरलं असतं. मला यादी दाखवा."

रस्त्यावर पडलेला पहिला बिंदू होता खड्डा क्रमांक नऊ. बाईंनी पहिली वही काढली, नववं पान उघडलं आणि पानाच्या उजव्या टोकावर बोट ठेवलं. तक्त्यात चौदा रकाने होते. चौदावा रकाना शेऱ्याचा. त्यात लिहिलं होतं: झाड ते खड्डा ५८ पावले, ४० अंश.

जुन्या जीपीएस यंत्राचा पडदा उन्हात दिसत नसे, आणि उपग्रह पकडायला त्याला दहा-बारा मिनिटं लागत. म्हणून जीप रस्त्याकडेच्या झाडाखाली थांबायची, सावलीच्या कडेला बसून बाई आकडे टिपायच्या, आणि मग होकायंत्र धरून पावलं मोजत शेतात जायच्या. यादीत जे अक्षांश-रेखांश होते ते झाडाचे होते. खड्डा शेऱ्यात होता.

आणि शेरा यादीत नव्हता. अकरा वर्षांपूर्वी वह्या संगणकावर चढवायला सुरुवात झाली तेव्हा ऑपरेटरनं तेरा रकाने घेतले आणि चौदावा सोडला. पुढंही तेच चालू राहिलं. त्याला बोलावून वही दाखवली.

"बाई, या इमारतीत शेऱ्याच्या रकान्यात 'निरंक' सोडून कोणी काही लिहितं का? मी म्हटलं, चार हजार वेळा निरंक कशाला टाइप करायचं?"

"उघडून बघायचं होतंस एकदा."

"माती खाल्ली मी, बाई."

"खाल्लीस. पण माझी खाल्लीस. आता काढून दे."

साहेब मात्र अडून बसले. पावलं म्हणजे काही माप झालं का? माणसाचं पाऊल, आज मोठं पडेल, उद्या लहान. बाईंनी पहिल्या वहीच्या पुठ्ठ्याची आतली बाजू दाखवली. दर जानेवारीत त्या कार्यालयाच्या आवारात शंभर पावलं चालत आणि टेपनं अंतर मोजून घेत. पहिल्या वर्षी शंभर पावलांचे एकाहत्तर मीटर भरले होते. मग सत्तर, दोन वर्षं एकोणसत्तर, पुढं बरीच वर्षं अडुसष्ट. असं मोजायला कोणी सांगितलं होतं, या प्रश्नावर त्यांचं उत्तर होतं, "कोणी नाही. पण मोजल्याशिवाय लिहायचं कसं?"

साहेबांनी तपासणी ठरवली. डोळे मिटून त्यांनी पाच खड्डे निवडले. पावलांचे मीटर करून, दिशा धरून, जागा काढायची आणि जुना खड्डा सापडतो का ते पाहायचं. बुजवलेला खड्डा ओळखता येतो. नांगराचा फाळ वीत-दीड वीत जातो. त्याखाली एकदा ढवळलेली माती पुन्हा थर धरत नाही, काळी-तपकिरी-पांढरी एकमेकांत मिसळलेली राहते. हातानं फिरवायचं गिरमिट जमिनीत घातलं की नळीत जे वर येतं त्यावरून कळतं.

चार माणसं जीपमधून निघाली. साहेब पुढं, बाई आणि ऑपरेटर मागं, आणि ड्रायव्हर. पहिल्या खड्ड्याला गिरमिट पाच वेळा घालावं लागलं, कारण जुन्या यंत्राचीच दोन-चार मीटरची चूक असते. पाचव्या वेळी नळीत खिचडी माती आली. दुसरा खड्डा दुसऱ्याच प्रयत्नात मिळाला. तिसऱ्या ठिकाणी झाड तोडलेलं होतं, पण बिंदू होता, आणि मक्याच्या सरींमधून एकोणनव्वद मीटर आत खड्डा होता. तोवर साहेबांनी टाय सोडून खिशात घातला होता आणि गिरमिट स्वतः फिरवत होते. चौथाही मिळाला.

पाचवा मिळेना. खड्डा क्रमांक तीन हजार दोनशे साठ, सतरावं वर्ष, ऑक्टोबर महिना. नऊ ठिकाणी गिरमिट घालून झालं. प्रत्येक वेळी थर जागच्या जागी, कोणी हात न लावलेले. ऑपरेटर म्हणाला, "पाचात चार म्हणजे पास आहे, बाई." साहेबांनीही मान डोलावली.

बाई बांधावर बसून वही चाळत होत्या. मग म्हणाल्या, "दादा, माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी झालं?"

"जुलैत," ड्रायव्हर म्हणाला. "तुम्हाला दवाखान्यातून मीच आणलं. आणि सप्टेंबरात परत खड्ड्यावर. डॉक्टर शिव्या देत होता."

"मी जानेवारीत मोजलं ते अडुसष्ट. ऑपरेशननंतर मोजलंच नाही. पुढच्या जानेवारीत एकसष्ट भरले." बाईंनी वही मिटली. "एकशे एकतीस पावलं आहेत. नऊ मीटर अलीकडे बघा."

नऊ मीटर अलीकडे पहिल्याच नळीत काळ्या मातीत पांढरी चुनखडी कालवलेली निघाली. साहेबांनी ती माती चिमटीत घेऊन चोळून पाहिली. ड्रायव्हर म्हणाला, "बाईंचं लंगडणं पण जमिनीत सापडलं."

परतताना बाईंनी सांगितलं की सतराव्या वर्षी ऑपरेशननंतर घेतलेल्या त्र्याऐंशी खड्ड्यांपुढं 'अंतर शंकास्पद' असं लिहायचं.

"का पण?" साहेब मागं वळले. "सापडला ना खड्डा?"

"एक सापडला, साहेब. ब्याऐंशी नाही सापडलेले. सप्टेंबरात पाऊल केवढं होतं आणि डिसेंबरात केवढं, ते मला माहीत नाही."

पुढचे तीन आठवडे पुढच्या खोलीत एकच आवाज होता. बाई वाचत, ऑपरेटर टाइप करी. "बेचाळीस पावलं, तीनशे दहा अंश." "झालं." "एकशे चार पावलं, पंच्याण्णव अंश, मध्ये ओढा, ओढ्यात सहा पावलं धरली." "ओढा पण टाकू?" "टाक." दिवसाला तीनशे शेरे होत. मध्येच तो थांबून विचारायचा, "बाई, इथं लिहिलंय मालक भांडला, खड्डा दहा पावलं सरकवला. भांडण टाकू का?" बाई म्हणायच्या, "सरकवल्याचं टाक. भांडण आमच्या दोघांचं आहे." तीन हजारांच्या पुढं गेल्यावर त्याला आकडे न ऐकता बाईंच्या आवाजावरून कळू लागलं, की आता रस्त्याकडेचं झाड येणार की विहिरीवरचं.

शेवटची कुरबुर नेमकं काय बाहेर द्यायचं यावर झाली. साहेबांचं मत, दुरुस्त केलेले बिंदू तेवढे द्यावेत, जुने आकडे आणि पावलं कार्यालयात ठेवावीत. घरातलं धुणं दारात कशाला वाळत घालायचं? बाईंनी हट्ट धरला की झाडाचे आकडे, पावलं, दिशा, बावीस वर्षांची पावलाची लांबी, सगळं जायला हवं. हिशेब आपण केला, तो चुकला असेल तर दुसऱ्या कोणाला पुन्हा करता आला पाहिजे. फोनवर शास्त्रज्ञ बाईंनी हेच मागितलं, फक्त जास्त अवघड शब्दांत. साहेब सही करून मोकळे झाले.

संस्थेनं नवे बिंदू चित्रावर टाकले. रस्त्यावर उरले चार, आणि त्या चारही ठिकाणी रस्ता खड्ड्यानंतर झाला होता. शाळेचं छप्पर मोकळं झालं. बाईंच्या निवृत्तीला पाच आठवडे असताना यादी सगळ्यांसाठी खुली झाली. पहिल्या महिन्यात ती दोनशे सोळा जणांनी उतरवून घेतली. शास्त्रज्ञ बाईंच्या गटानं पाणी कमी धरणाऱ्या मातीचा पट्टा तिच्यावरून आखला आणि तिथं मक्याच्या कोणत्या वाणांची चाचणी घ्यायची ते ठरवलं. त्यांच्या टिपणाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं की स्थानांची अचूकता सर्वेक्षकाच्या पावलांच्या वार्षिक नोंदीमुळे साधली. साहेबांनी त्या पानाची प्रत काढून फलकावर लावली. पुढच्या जानेवारीत नव्या सहायकाला आवारात शंभर पावलं चालायला लावायचं, असं परिपत्रकही काढलं.

नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात एका अनोळखी विद्यार्थ्याचं पत्र आलं. तो कुठल्याशा दूरच्या विद्यापीठात मातीच्या धुपीवर काम करत होता. त्यानं लिहिलं होतं की खड्डा क्रमांक तीन हजार नऊशे सातची दिशा दोनशे वीस अंश दिली आहे, पण त्या बाजूला तळं आहे, तेव्हा ती एकशे वीस असावी का? बाईंनी वही काढली. पेन्सिलीचा एक पुसट झाला होता आणि वाचताना त्यांनी दोन वाचला होता. त्यांनी ऑपरेटरकडून दुरुस्ती करून घेतली, विद्यार्थ्याला दोन ओळींचं उत्तर पाठवलं, आणि त्याच्या पत्राची एक प्रत पिशवीत घालून घरी नेली.

यजमानांनी चष्मा लावून पत्र वाचलं, उलटून मागं बघितलं, पुन्हा वाचलं.

"अगं, यात तर तुझी चूक काढलीये. आणि तू नाचतेस काय?"

"अहो," बाई म्हणाल्या, "तीन हजार नऊशे सातपर्यंत वाचत आलाय तो."