ठाकूरद्वार ते शीव: दसऱ्याचा हार आणि लाल दिवा

दर दसऱ्याला आम्ही शीव कोळीवाड्याजवळ राहणाऱ्या मावशीकडे सोनं द्यायला जातो, आणि जातो ते आमच्या जुन्या गाडीतून. गाडी दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. ती नेहमी अण्णा, म्हणजे माझे वडील, चालवत. या वर्षी त्यांना समोरचं नीट दिसेनासं झालं. एक गृहस्थ गाडी विकत मागत होते, ते दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होते.

"तू जा घेऊन," अण्णा मला म्हणाले. "चालवत परत आणलीस तर गाडी राहील. ओढून आणावी लागली, तर उद्या देऊन टाकू."

लायसन्स माझ्याकडे होतं, पण अण्णा शेजारी नसताना मी कधी भायखळ्यापलीकडे गेले नव्हते. तसं पाहिलं तर माझी पहिली शाळा ही गाडीच. आकडे मी पाटीवर शिकले नाही, अण्णांच्या मांडीवर बसून गाडीच्या काट्यांवर शिकले. तरी रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी तेल पाहिलं, पाणी पाहिलं, चाकांतली हवा पाहिली, आणि खात्री वाटेना म्हणून सगळं पुन्हा पाहिलं. पेट्रोल आदल्या दिवशीच भरून ठेवलं होतं. तुम्हीही तसंच करा, सणाच्या दिवशी पंपावर फार खोळंबा होतो.

आईनं बॉनेट उघडायला लावून गाडीची पूजा केली. इंजिनाला हळदकुंकू वाहिलं. पुढच्या जाळीला झेंडू बांधू नको, वारा अडतो, असं मी सांगितल्यावर तिनं मोठा हार दिव्यांवरून सोडला. मी पाण्याची बाटली आणायला घरात गेले तेवढ्यात तिनं बॉनेट लावूनही टाकलं. निघालो.

ग्रँट रोडपर्यंत रस्ता मोकळा होता. ट्रामच्या रुळांवर चाक तिरकं घालू नये, घसरतं. मी रूळ ओलांडताना हात घट्ट धरले. मागे बसलेली आई म्हणाली, "अगं, श्वास तरी घे."

भायखळ्याचा पूल उतरून लालबागला आलो आणि समोर मोर्चा. संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला निघालेले गिरणी कामगार, सुट्टीचे धुतलेले कपडे, हातात फलक, बरोबर बायकाही. गाडी मुंगीच्या पावलानं चालू लागली.

"अरे, बाई चालवते रे!" कुणीतरी ओरडलं.

"मग? तुला तरी येते काय?"

"मुंबई आपली, रस्ता आपला! पण ताई, तुम्ही जावा पयल्या!" हसत हसत त्यांनी वाट करून दिली.

तेवढ्यात काट्यांशेजारचा लाल दिवा लागला.

हा दिवा बॅटरी भरणाऱ्या डायनॅमोचा. इंजिन अगदी हळू चालत असलं की तो मिणमिणतो, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. पाय जरा दाबला की विझायला हवा. मी दाबला. विझला नाही. पुन्हा दाबला. दिवा तसाच लख्ख, आणि आता इंजिनातलं पाणी किती तापलं ते दाखवणारा काटाही वर सरकू लागला होता.

"दादर आलंच की," आई म्हणाली. "तिथं थांबून पीयूष घेऊ, तोवर गाडीही निवेल."

मलाही पुढेच जायचं होतं. इथं, एवढ्या लोकांत थांबले तर सगळे ढकलायला येतील, मग कुणी दोर आणील, आणि उद्या गाडी गेली. पण दिवा आणि काटा दोन्ही एकदम बिघडले, तर दोघांना जोडणारी वस्तू एकच: पट्टा. तोच डायनॅमो फिरवतो, तोच पंखा आणि पाण्याचा पंप. पट्टा नाही म्हणजे इंजिनात पाणी फिरत नाही, आणि पाणी फिरत नसताना गाडी दामटली तर इंजिन कायमचं जातं. मी एका लहानशा मारुतीच्या देवळासमोर गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

बॉनेट उघडलं तर आत केशरी सडा! पट्टा पंख्याच्या चाकावरून उतरून लोंबकळत होता, आणि त्या चाकाला झेंडूच्या हाराचा दोरा करकचून गुंडाळलेला.

"आई, हा हार आत कुठून आला?"

आई खाली उतरली. सांडलेलं एक फूल तिनं उचललं. मग म्हणाली, "बाहेरचा सगळे बघतात. राबतं ते आतलं यंत्र. म्हणून एक लहानसा आत घातला होता, त्या नळीला."

मी हत्यारांच्या पिशवीतून चाकू काढला. "आज कापू नको गं," ती म्हणाली. "पूजेचा आहे. दसऱ्याच्या दिवशी कसा तोडायचा?"

मोर्चातली एक मालवणी बाई आमच्याजवळ थांबली होती. "काय झाला गो गाडयेक?" तिनं वाकून आत पाहिलं आणि खळखळून हसली. "देवाचो हार देवाक घाल गो बाय! पंख्याक कित्याक?"

आई आधी रागावली, मग तीही हसली. तिनंच माझ्या हातातून चाकू घेतला, दोरा कापला, उरलेली फुलं ओंजळीत भरली आणि मारुतीच्या पायाशी ठेवून आली.

इंजिन निवेपर्यंत थांबलो. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, हात भाजेल. मग पान्यानं डायनॅमोचा बोल्ट ढिला केला, पट्टा चढवला, डायनॅमो बाहेर ओढून बोल्ट आवळला. पट्टा अंगठ्यानं दाबून पाहिला: थोडा दबतो, लोंबत नाही. पाणी घातलं. किल्ली फिरवली. दिवा लागला, इंजिन बोललं, दिवा विझला.

दादरला पीयूष घेतलं, पण मी उभ्यानंच, गाडीजवळ. शीवला मावशीनं श्रीखंडपुरी वाढली. मी दोनदा उठून बॉनेट उघडून आले.

दिवेलागणीला घरी पोचलो. अण्णा गॅलरीत उभे होते. नीट दिसत नव्हतं तरी गाडीचा आवाज ओळखला असणार. मी सगळं सांगितलं, लालबागला बंद करावी लागली तेही.

"दादर जवळ होतं ना?" त्यांनी विचारलं.

"होतं."

"तरी थांबलीस?"

"दिवा विझत नव्हता, अण्णा."

सकाळी गृहस्थ आले, तेव्हा अण्णांनी त्यांना चहा दिला आणि म्हणाले, "माफ करा, आता आमच्या मुलीला गाडी लागते."

प्रवास म्हणावा तर केवढासा, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. मला अजूनही निघण्याआधी धडधडतं. अजूनही मी तेल दोनदा बघते. आई शेजारी येऊन उभी राहते, माझ्याबरोबर वाकून इंजिनात बघते आणि न विचारता सांगते, "आज मी काही ठेवलेलं नाही हं."