मूल्यांकनाचे एक खोके

निवृत्तीनंतरही ती घटना माझ्या मनातून गेलेली नाही. चोरी एका खोक्याची होती. बाजारात त्याला रद्दीचाही भाव आला नसता.

आमच्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत एक विद्यापीठ होते. बाहेरून तज्ज्ञांची समिती येऊन त्याचे मूल्यांकन करी, श्रेणी देई. त्या मूल्यांकनांची जुनी कागदपत्रे स्कॅन करून संकेतस्थळावर टाकण्याचे काम चालू होते. खोकी, वर साल लिहून, व्हरांड्यात रचलेली होती. त्यातले मागच्या मूल्यांकनाचे एक खोके नाहीसे झाले. कुलसचिवांनी फिर्याद दिली. त्यांचा संशय अभिलेख कक्षातल्या लिपिकावर होता. मी गुन्हा नोंदवला, पंचनामा केला, लिपिकाचा जबाब घेतला. तो घाबरला होता, पण प्रत्येक प्रश्नाला सरळ उत्तर देत होता. खोटे बोलणारा माणूस सहसा गरजेपेक्षा जास्त सांगतो.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या फाटकासमोरच्या चहावाल्याचा फोन आला. "साहेब, होस्टेलच्या मेसचा भाजीवाला रोज रिकामे कॅरेट घेऊन जाते. काल मेथी भरलेलं कॅरेट वापस नेलं त्यानं. मले तं काही समजलं नाई."

भाजीवाला पवनारकडचा शेतकरी होता, साठीच्या घरातला. त्याला ठाण्यात बोलावले. खुर्ची दिली तरी तो उभाच राहिला.

"मेथी परत का नेली?"

"खराब निघाली, साहेब."

"मेसवाला म्हणतो, त्या दिवशी मेथी कमी पडली."

तो खाली बसला. "खोकं मीच नेलं, मेथीखाली झाकून. वावरातल्या मोटरीच्या खोलीत हाये."

"काऊन नेलं?"

मी त्याच्या बोलीत विचारले तसा त्याचा बांध फुटला. त्याची मुलगी त्याच विद्यापीठात शिकली होती. एका प्राध्यापकाने तिच्या अंगाला हात लावला होता. मूल्यांकन समिती आली तेव्हा मुलीने समितीसमोर हे सांगितले आणि लेखी निवेदन दिले. ते त्याच खोक्यात होते. आता मुलीची सोयरीक वडनेरला जुळली होती.

"सारे कागद कम्प्युटरवर टाकून राह्यले म्हणे. उद्या सोयऱ्यानं पाह्यलं तं? जाळाले काडी ओढली होती साहेब, पण अक्षर पोरीचं दिसलं. हात धजला नाई."

पंचांसमक्ष मुद्देमाल जप्त केला. एकही कागद कमी नव्हता. संध्याकाळी मुलगी आली. ती गावच्या शाळेत शिक्षिका होती. बापाला बाकावर बसलेले पाहून तिचे डोळे भरले, पण आवाज हलला नाही.

"बाबा, तुमाले कोणं सांगतलं लपवाले? मी तवा चार माणसाईसमोर बोलली, खाली सही केली. ते पान गेलं तं मी बोललीच नाई असं होईन."

मग ती माझ्याकडे वळली. "साहेब, पान चोरीला गेलं म्हणून तुम्ही तपास केला. पान तिथं होतं तोवर कोणी काय केलं?"

कागद ओळखायला आलेले कुलसचिव शेजारीच बसले होते. ते म्हणाले, विद्यापीठाला तेव्हा चांगली श्रेणी मिळाली होती, प्रकरण मागे पडले. तो प्राध्यापक अजूनही शिकवत होता.

मी महिला अंमलदाराला बोलावून मुलीची फिर्याद घेतली आणि प्राध्यापकावर विनयभंगाचा वेगळा गुन्हा नोंदवला. आठवडाभरात आणखी दोन माजी विद्यार्थिनी आपणहून आल्या. प्राध्यापकाला अटक झाली, विद्यापीठाला त्याला निलंबित करावे लागले. निवेदन देणाऱ्यांची नावे झाकूनच कागद संकेतस्थळावर जातील, असेही विद्यापीठाकडून लेखी घेतले. बापाने न्यायालयात गुन्हा कबूल केला. चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर तो सुटला. मुलीने सासरच्यांना सारे स्वतः सांगितले. लग्न ठरल्या घरीच झाले.

चोरीच्या तपासात आम्ही प्रथम विचारतो, या वस्तूचा फायदा कोणाला? या प्रकरणानंतर मी आणखी एक गोष्ट विचारू लागलो: ही वस्तू जागेवर होती, तेव्हा तिच्याकडे पाहायचे कोणी टाळले?