वन्संची बारशाची गोधडी

बडोद्यात आमच्या वन्संच्या तावडीतून सुटलेली चिंधी अजून जन्माला यायची आहे. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. राहतात आमच्याच खालच्या मजल्यावर. शाळेतून निवृत्त झाल्यापासून गोधड्या शिवतात आणि समोर दिसेल त्या कापडाकडे, याच्या पट्ट्या कधी होणार, अशा आशेने बघतात. नवरात्र जवळ आलं की सगळं गाव गरब्याच्या तयारीला लागतं आणि या पिशवी घेऊन मांडवीतल्या दरज्यांच्या दारात उभ्या. "भाई, मारुं कातरण राख्युं छे ने?" चणियाचोळीतून उरलेली बोटभर पट्टी मिळाली तरी त्यांचं तोंड असं फुलतं की दरजीच ओशाळतो. एका लग्नात तर त्यांनी नवरदेवाला आशीर्वाद देता देता त्याच्या कुर्त्याचं टोक चिमटीत धरलं आणि म्हणाल्या, "सुरेख पोत आहे. जुना झाला की कळवा हं." तो बिचारा अजून आमच्याकडे जेवायला आलेला नाही.

जुन्या धोतराचा चौकोन घ्यायचा आणि त्यावर तिरप्या पट्ट्या, एकीला लागून दुसरी, मशीनवर टीप मारत जोडत जायच्या, ही त्यांची रीत. पट्टी रुंद असो की अरुंद, सगळं चालतं. रंगाच्या बाबतीत मात्र बाई भारी कडक. मी एकदा हौसेने मदतीला गेले, तर माझा अख्खा चौकोन उसवून ठेवला. "शेजारी शेजारी दोन निळे बसवलेस. आता ते रात्रभर भांडणार, पांघरणाऱ्याला झोप कशी लागायची?" आणि बारशाच्या गोधडीत काळी चिंधी? तिचं तर नाव काढायची सोय नाही.

गेल्या वर्षी अलकापुरीतल्या डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं सांगितलं. गेलेली नजर परत येणार नाही म्हणाले. बाहेर आल्यावर वन्सं मला म्हणतात, "त्याच्या कॉलरची शिलाई वाकडी होती. त्याला काय कळतंय." त्याच सुमारास माझ्या लेकीला दिवस गेले आणि वन्सं हट्टाला पेटल्या. बारशाची गोधडी त्या शिवणार, एकट्या शिवणार, मध्ये कोणी लुडबुडायचं नाही.

बारशाला त्यांनी घडी उलगडली. गुलाबी-पिवळ्याच्या मधोमध काळीकुट्ट पट्टी. गर्द जांभळी समजून लावली असणार. वन्सं आमच्या तोंडांकडे बघत होत्या. "का गं, बोलत का नाही कोणी?" लेकीने मात्र गोधडी उचलून बाळाभोवती गुंडाळली आणि म्हणाली, "आत्या, गालावरची तीट सारखी पुसून जाते. बरं केलंस, गोधडीलाच लावलीस." वन्सं हसल्या. पण मग बाळाजवळ बसून त्या पट्टीवरून कितीतरी वेळ बोटं फिरवत राहिल्या. त्यांना कळलं होतं.

हल्ली दुपारी मला खालून हाक येते. मशीनशी बसून त्या एकेक पट्टी पुढे करतात. "हा कोणता गं?"

"हिरवा, वन्सं."

"पोपटी की शेवाळी?"

"शेवाळी."

"बरं," म्हणतात आणि मी सांगेन तिथे निमूट टीप मारतात. लग्न होऊन आल्यापासून वन्संनी एकदा तरी माझं ऐकावं म्हणून मी किती धुसफुसले असेन. आता त्या माझा शब्द न् शब्द ऐकतात, आणि मला ते मुळीच सोसत नाही.