दुसऱ्यांदा वाढून घेणारा कोच

माझ्या नवऱ्याचं पोट हे आमच्या कॉलेजचं मोठं भांडवल आहे. वेंडेल तिथल्या अमेरिकन फुटबॉल संघाचा सहायक कोच, संघासाठी पोरं हेरतो. मिसिसिपीतल्या कुठल्याही गावात शाळेच्या मैदानावर एखादं धिप्पाड पोरगं समोरच्यांना ढकलून पाडताना दिसलं, की हा त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात जाऊन बसलाच. तिनं वाढलेलं जेवतो आणि मग स्वतःहून ताट पुढे करतो, "अजून थोडं वाढा." आमच्याकडे पाहुणा एकदाच घेतो, दुसऱ्यांदा मागतो तो घरचा. त्या ताटांवर वेंडेलनं निम्मा संघ उभा केलाय.

डेव्हॉन नावाच्या पोराच्या आईकडे, मिस ओडेसा प्रुइटकडे, तर त्यानं तिसऱ्यांदा मागून घेतलं होतं. जेवता जेवता शब्द दिला, "तुमचा डेव्हॉन पदवी घेऊनच घरी येईल. मी आहे ना." मी शेजारीच बसले होते.

मुख्य कोच गॅरिक यांच्या खोलीत एक फळा आहे. मैदानावरच्या प्रत्येक जागेखाली नावांच्या पट्ट्या. पहिला खेळतो, दुसरा वाट बघतो, तिसरा देवाचा धावा करतो. गुडघा दुखावल्यापासून डेव्हॉन चौथा होता. त्यात दुसऱ्या कॉलेजातून एक तयार खेळाडू आयता चालून आला, आणि संघात शिष्यवृत्तीच्या जागा तर मोजक्याच. गॅरिकनी डेव्हॉनची पट्टी काढून वेंडेलच्या हातात ठेवली.

"त्याला म्हणावं, दुसरं कॉलेज बघ. इथली शिष्यवृत्ती उन्हाळ्यापर्यंतच."

"असल्या गुडघ्यानं त्याला कोण घेणार, कोच? शिक्षण सुटेल पोराचं."

"तू आणलास, तूच सांग."

हे ऐकून मी घरी भडकले. "मग नाही म्हणायचं ना तोंडावर!"

"म्हटलं तर माझी पट्टी निघेल," वेंडेल म्हणाला. "घराचे हप्ते तू भरणार?"

मला त्याचा राग आला आणि कीवही आली.

डेव्हॉन सुट्टीला घरी गेला होता. त्याच्या आईच्या कानावर आधी घालावं, असं वेंडेलनं ठरवलं. शनिवारी त्यानं फोन केला, "मिस ओडेसा, उद्या आलो तर चालेल का?" रविवारी चर्च सुटल्यावर आम्ही निघालो.

मिस ओडेसा दारातच उभी होती. हातात चंदेरी कागदानं झाकलेली दोन ताटं. आतून तळलेल्या कोंबडीचा वास येत होता. टेबलापाशी बसलेला डेव्हॉन हसून ओरडला, "कोच! या ना आत! ममा, त्यांना खुर्ची दे."

"त्यांना लांब जायचंय," ती मागे न बघता म्हणाली. मग हळू आवाजात वेंडेलला म्हणाली, "पोराला न्यायला आलात तेव्हा न विचारता आला होतात. परवापरवापर्यंत न विचारता येत होतात. काल फोन केलात, 'आलो तर चालेल का?' तेव्हाच समजले मी. आता सांगा. पण त्याला सांगा, मला नको."

वेंडेलनं उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सांगितलं. डेव्हॉनच्या हातातला काटा तसाच राहिला. "पण कोच, डॉक्टर म्हणाले गुडघा भरून येतोय," तो म्हणाला. मिस ओडेसानं ताटं माझ्या हातात दिली आणि दार लावून घेतलं. आपटलंही नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

गाडीत ताटं माझ्या मांडीवर गरम होती. दोघांनीही कागद उघडला नाही. वेंडेल म्हणाला, "मंगळवारी एका नव्या पोराच्या घरी जायचंय. आई एकटीच आहे. जेवायला बोलावलंय."

"आणि ती म्हणाली, अजून घ्या, तर?"



"घेईन," तो म्हणाला. "नाही घेतलं तर पोरगा येत नाही."