उजव्या बुटाची टाच
नातवाच्या शाळेच्या बुटांसाठी पॉलिशची डबी उघडली आणि त्या वासासरशी आईचा आवाज कानात आला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. मोर्चामुळे ट्राम अडली, म्हणून भायखळ्यापासून फोर्टमधल्या लष्करी कचेरीपर्यंत आम्ही तिघं चालत गेलो. वडील लंगडत, आई काखेत त्यांचे जुने बूट गुंडाळून. लढाईत वडिलांच्या डाव्या पायाला गोळी लागली होती. त्या पायाची पेन्शन मिळायची, पण पुढे गिरणीत नोकरी करताना वर्षानुवर्षं लंगडून कंबर वाकली, उजवा पाय मुंग्या येऊन बधिर झाला, त्याचीही पेन्शन मिळावी म्हणून हे अपील होतं. कचेरीतले डॉक्टरसाहेब म्हणाले, "कंबर गिरणीतल्या कामानं गेलीय. लढाईशी संबंध नाही." वडील सावधान उभे राहून "जी साहेब" म्हणाले. आईनं बूट सरळ साहेबांच्या कागदांवर ठेवले. डाव्याची टाच नव्यासारखी, उजव्याची खिळ्यांपर्यंत झिजलेली. "गोळी डाव्या पायात लागली, हे तुमच्याच कागदात हाय. मग इतकी वर्सं भार कुनी वाह्यला, ते ह्या टाचेला इचारा." साहेब तडकले, "बाई, तुम्ही बाहेर थांबा. इथं शिस्त असते." "फौजेत हे व्हते, मी नाय," आई म्हणाली आणि समोरची खुर्ची ओढून बसली. अपील फेटाळलं गेलं. आईनं बूट पुन्हा गुंडाळले आणि दारात वळून विचारलं, "पुन्हा कवा येऊ?" ते बूट आता माझ्याकडे आहेत. दोन्हींना पॉलिश करते. उजव्याची टाच मात्र कुठल्याही चांभाराला बदलू देत नाही.