मंगळूचा खांब

पेठच्या डोंगरातल्या एका पाड्यावर नवसाबाई राहायची. कोकणा जातीची, अंगानं किडकिडीत, बोलायला फटकळ. तिचा नवरा मंगळू पावसाळा सरता सरता हिवतापानं गेला. ही गोष्ट एकोणीसशे तेहतीस सालची. मंगळू गेला तेव्हा घरात नागलीचं पीठ होतं, एक कोंबडा होता आणि लग्नाला आलेली मुलगी होती, चिमणा.

माणसाला जाळून आलं की काम संपलं, असं तिकडं नसतं. पाड्याबाहेरच्या माळावर मेलेल्याच्या नावानं सागाचा खांब उभा करायचा. त्यावर चंद्रसूर्य आणि घोड्यावर बसलेला माणूस कोरायचा, शेंदूर लावायचा, गाणी म्हणून त्याला बोलवायचं. मग मेलेला तिथं येऊन बसतो. तोवर तो घराभोवती हिंडत राहतो, आणि बाप हिंडत असताना मुलीला हळद लावत नाहीत.

चिमणाचं खालच्या पाड्यावर ठरलेलं होतं. मुलाची आई दोनदा येऊन विचारून गेली होती.

"विहीणबाय, माझं तोंड वाईट नाय," ती दुसऱ्या खेपेला म्हणाली, "पण मालकाला कधी बसवतीस? माझ्या घरात हाताला हात नाय. औंदा पाऊस लागायच्या आत पोर दे, नायतर मला दुसरीकडं बघाया लागंल."

"बसवते की. लाकूड कुठंय?"

"लाकूड?" मुलाची आई हसली आणि डोंगराकडं हात करून म्हणाली, "ते काय हाय मग?"

डोंगर भरून साग उभा होता. त्यातलं एक पान तोडायचीसुद्धा नवसाबाईला परवानगी नव्हती. तिच्या आजेसासऱ्यानं कुऱ्हाड घेऊन हवा तो साग पाडला होता. त्याचा खांब अजून माळावर उभा होता, वाळवीनं त्याला तोंड लावलेलं नव्हतं. त्यानंतर कधीतरी सरकारनं डोंगराला दगड लावले, आतलं ते राखीव म्हणून सांगितलं, आणि सागाचं झाड सरकारचं झालं. ऐनाचं किंवा सावरीचं लाकूड मिळालं असतं. पण ते दोन पावसांत भुगा होतं, आणि त्यावर बसलेला माणूस पुन्हा वाऱ्यावर. मंगळूनं सारं आयुष्य ठेकेदाराच्या कुपात, म्हणजे सरकारनं तोडीला दिलेल्या रानात, साग तोडण्यात घालवलं होतं. नाशकातल्या किती घरांच्या तुळया त्याच्या हाताखालून गेल्या असतील. त्याच्या बायकोला मात्र एक हातभर जाडीचा वासा मिळेना.

जंगलखात्याचा गार्ड होता बद्रुद्दीन. नाशकातल्या जुन्या वस्तीतला माणूस, पण दहा-बारा वर्षं डोंगरात काढल्यामुळं त्याला सगळ्या पाड्याची नावं, नाती आणि भांडणं पाठ होती.

"बाई, माझ्या हातात काय आहे?" तो म्हणाला. "मी झाड राखायला, द्यायला नाही. नाशकाला मोठ्या कचेरीत जा. अर्ज कर."

नवसाबाई गेली. सावळघाट ओलांडून दोन दिवस चालत गेली. चिमणाला मावशीकडं ठेवलं होतं आणि जाताना शंभरदा बजावलं होतं, की एकटी ओढ्यावर जाऊ नको, विस्तव विझवल्याशिवाय झोपू नको. वाटभर तिच्या डोक्यात तेच. नाशकात पोचल्यावर पंचवटीतल्या एका धर्मशाळेच्या ओट्यावर टेकली, तर तिथल्या माणसानं उठवलं. ओटा यात्रेकरूंसाठी होता.

कचेरीत गंगाधरपंत म्हणून कारकून होते. वाईट माणूस नव्हे. त्यांनी तिला दुपारपर्यंत उन्हात बसवलं, पण स्वतः पाणी आणून तिच्या ओंजळीत वरून ओतलं.

"लाकूड कशासाठी?"

"मालकासाठी."

"मालक कुठंय?"

"मेला."

"मग जळणाचं लाकूड पाहिजे? त्याला साग कशाला?"

"जाळला कधीच. आता बसवायचाय."

गंगाधरपंतांनी चष्मा काढला. नवसाबाईनं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकूनही घेतलं. मग म्हणाले, "हे बघ बाई. घराला लाकूड देता येतं. नांगराला देता येतं. गाडीला, गोठ्याला देता येतं. मेलेल्या माणसाला बसायला देण्याचं सदर सरकारात नाही."

"मग काढा की एक."

शेजारचे दोन कारकून खो खो हसले. गंगाधरपंतही हसले आणि म्हणाले, "मी कोण काढणार? गोठा लिहितो. तुझी गुरं किती?"

"एक कोंबडा हाय."

"गुरं आहेत म्हण," ते खालच्या आवाजात म्हणाले, आणि त्यांनी गोठा लिहिला.

हुकूम डोंगरात पोचेतो थंडी सरली. वाऱ्यानं पडलेला एक साग बद्रुद्दीननं दाखवला. वरचा भाग पोकळ, पण बुडाकडचं लाकूड घट्ट होतं. नवसाबाईच्या भावकीनं तो तोडून नीट केला. मग बद्रुद्दीननं पिशवीतून सरकारी हातोडी काढली आणि बुडख्याच्या कापावर ठण्णकन मारली. लाकडावर वाटोळा छाप उठला.

"हा छाप म्हणजे तुझा जीव," तो म्हणाला. "लाकडाचा हा कागद, पास, मी परत घेणार, तो कचेरीत जायचा. तुझ्याकडे राहील तो एवढा छाप. तो असला की लाकूड तुझं. तासून टाकलास तर चोरीचं. कळलं?"

"कळलं. तासायचं नाय."

चार माणसांनी खांब पाड्यावर आणला. कोरायचं काम नाथाबाबाचं. तो म्हातारा सगळ्या मेलेल्यांचे खांब करायचा आणि बसवायचाही तोच. त्यानं बुडखा पाहिला आणि हातोडीच्या छापावर बोट फिरवलं.

"ह्ये काय?"

"सरकारचा छाप. तासायचा नाय म्हणाला गार्ड."

"कोण तासतंय? बुडखा जमिनीतच जायचा." नाथाबाबा बोळक्या तोंडानं हसला. "सरकार खाली, मंगळू वर. लय दिवसांनी बरा बसला बघ."

सगळ्यांना ते पटलं. छापही राहतो आणि मंगळूच्या अंगाला लागतही नाही, याहून चांगलं काय? कुणाच्या मनात आलंच नाही, की छाप नुसता असून भागत नाही, तो दिसावा लागतो. बद्रुद्दीन असता तर ओरडला असता. पण तो रजा घेऊन नाशकाला बहिणीच्या, अन्वरीच्या, लग्नाला गेला होता.

खांब उभा राहिला. शेंदूर लागला. नाथाबाबानं मंगळूला हाक मारली, आणि पाड्यातल्या लोकांच्या मते मंगळू आला. नवसाबाईला तर तो आल्याचं तिच्या हातापायांनीच कळलं. कित्येक महिन्यांनी ती पहिल्यांदा नुसती बसली. दुसऱ्या दिवशी तिनं खालच्या पाड्यावर निरोप धाडायची तयारी केली. तांदूळ कुणाकडून, ताडी कुणाकडून, चिमणाला लुगडं कुठलं, सगळं बोटांवर घोळवत होती. तोच बद्रुद्दीन धापा टाकत चढ चढून आला.

"नवसाबाई, नवा साहेब येतोय. पाड्यापाड्यातला साग तपासणार. तुझा खांब कुठंय?"

तिनं माळाकडं बोट दाखवलं. तो गेला, खांबाभोवती फिरला, वाकून पाहिलं, आणि मटकन खाली बसला.

"छाप?"

"खाली हाय. जपून ठेवलाय."

"या अल्ला," बद्रुद्दीन म्हणाला. "अग, जमिनीत पुरलेला छाप साहेबाला कसा दिसणार?"

"तू सांग की. तूच मारलाय."

"माझं कोण ऐकतं? उकरा. जरासा बुडखा दाखवू आणि परत पुरू. एका घटकेचं काम."

नवसाबाई त्याच्याकडं बघतच राहिली. "तुझ्या बापाला मातीतनं काढून परत पुरशील?"

बद्रुद्दीन खांबापासून दूर सरला.

चिमणा मात्र पुढं झाली. तिच्या हातात कुदळ होती. "आये, उकरू. तुला धरून नेतील."

"हात लावशील तर हात मोडीन."

"आये, बाबा काय म्हणंल? तू तुरुंगात गेलेली चालंल त्याला?"

"त्यो आत्ता कुठं बसलाय," नवसाबाई ओरडली. "सहा महिने माझ्या दाराशी उभा होता. उठवला तर परत यायचा नाय. विचार नाथाबाबाला!"

नाथाबाबानं मान हलवली. उठवून परत बसवायची गाणीच नव्हती. कुणाला तसं कधी करावं लागलं नव्हतं.

साहेब आला. पुण्याकडचा तरुण माणूस, शिकलेला, उगीच आवाज न चढवणारा. त्यानं खांब पाहिला, कोरीवकामाची तारीफही केली.

"मी कुणाच्या श्रद्धेच्या आड येत नाही," तो म्हणाला. "फक्त छाप दाखवा."

"साहेब, छाप मीच मारलाय," बद्रुद्दीन म्हणाला. "बुडाला आहे."

"तुझ्या शब्दावर लाकूड सोडायचं, तर तुला हातोडी कशाला दिली? आणि कचेरीतल्या पासावर गोठा आहे. हा गोठा आहे का?"

साहेब नवसाबाईकडं वळला. "बाई, तासाभरात उकरून दाखवा. नाहीतर मला हे चोरीचं समजावं लागेल."

"समज."

"म्हणजे चोरलं, असं तुम्ही म्हणता?"

"नाय चोरलं. पण उकरणार नाय. तुला जे म्हणायचं ते म्हण."

"असं चालत नाही. एक काहीतरी सांगा."

नवसाबाईनं खांबाकडं पाहिलं, चिमणाकडं पाहिलं. खांब उकरायला साहेबाची माणसं कुदळ घेऊन उभीच होती. तिनं कबूल केलं, तर उकरायची गरज उरणार नव्हती.

"चोरलं," ती म्हणाली.

"कुठून तोडलं? थूट दाखवा."

आता आली पंचाईत. चोरी केलीच नव्हती, तर तोडलेल्या झाडाचं थूट कुठून दाखवणार? नवसाबाई गोंधळली, रागावली. तिनं डोंगराकडं कसाबसा हात केला. तिकडं कुपाच्या हद्दीबाहेर तीन मोठाली थुटं होती. ती कुणी पाडली हे पाड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पाडणारे हात पाड्यातल्याच मजुरांचे, गाड्या ठेकेदाराच्या. साहेब ती थुटं पाहून आला आणि आल्यावर त्याचा चेहरा मोकळा झाला होता. त्या तीन झाडांचा पत्ता लागत नाही म्हणून वरून त्याला विचारणा झाली असावी.

"तिन्ही?" त्यानं विचारलं.

"खांब तर एकच हाय साहेब," नाथाबाबा पुढं होऊन म्हणाला. "तो एक उचलायला चार माणसं लागली."

"मग चौघांची नावं सांगा."

नाथाबाबा मागं सरला. नवसाबाई म्हणाली, "मी एकटीनं. तिन्ही. लिही आणि इथनं ऊठ." साहेबानं लिहून घेतलं; चोर मिळाला होता, खांब त्यानं जागेवरच राहू दिला.

बद्रुद्दीन वाकून हातोडीची पिशवी बांधू लागला. तीन थुटांचं खरं सांगायचं, तर ती त्याच्या हद्दीत कशी पडली हेही सांगावं लागलं असतं.

चार वर्षांपूर्वी सत्याग्रहाच्या साली राखीव रानातलं गवत कापून कितीतरी माणसं तुरुंगात गेली होती. सुटून आली तेव्हा नाशकात त्यांच्या गळ्यात हार पडले. चांगलं झालं, पडायलाच हवे होते. पण नवसाबाईला न्यायला जो गार्ड आणि जो पोलीस होता, त्यांच्याखेरीज तिच्या मागं कुणी निघालं नाही. निघायचं तर मोलमजुरी बुडवावी लागली असती. चिमणा थोडी वाट मागोमाग आली. तिला नवसाबाईनं रडूही दिलं नाही, नुसत्या सूचना दिल्या: मावशीकडंच नीज, कोंबडा विकू नको, तांदूळ घरातच ठेव, भिजंल.

चिमणा मागं राहिल्यावर नवसाबाई वाटेतच बसली.

"ऊठ," पोलीस म्हणाला.

"खालच्या पाड्यावरनं न्या मला."

"तो फेरा पडतो."

"पडू दे. नायतर उचलून न्या."

बद्रुद्दीननं पोलिसाला बाजूला घेतलं, त्याला विडी दिली, हळू आवाजात काहीतरी सांगितलं. ते खालच्या पाड्यावरून गेले.

मुलाची आई दारात नागली पाखडत होती. पोलीस बघून तिचं सूप थांबलं.

"ह्ये काय ग? काय केलंस?"

"लाकूड चोरलं."

"तू?"

"मी. तीन झाडं." नवसाबाई उभ्याउभ्याच बोलत होती. "ते जाऊ दे. मालक बसलाय. कुणी उठवणार नाय त्याला आता. तू बोलली होतीस पाऊस लागायच्या आत. कधी येतीस?"

मुलाच्या आईनं पोलिसाकडं पाहिलं, गार्डाकडं पाहिलं. नवसाबाईचा जीव टांगणीला लागला. चोराच्या घरची पोर नको, असं हिनं म्हटलं तर? एवढं सगळं त्या एका शब्दासाठी केलं होतं.

"आमच्यात कोण चोर नाय?" मुलाची आई शेवटी म्हणाली आणि तिनं सूप खाली ठेवलं. "माझा मालक मोहाच्या फुलांपायी दोनदा जाऊन आला. दीर शेतात राब भाजायला फांद्या तोडल्या म्हणून आत गेला. चोर बघून पोरी टाळायच्या तर सोयरीक करायची कुणाशी? साहेबाशी?"

पोलिसाला हसू आलं. नवसाबाईला आलं नाही.

"दिवस सांग," ती म्हणाली.

"तू सुटलीस की करू."

"माझं काय ठाऊक? म्हयना म्हणतील, सहा म्हणतील. माझ्यासाठी थांबू नको. अमावस्या झाली की ये. हळद आधी तिच्या बापाला लावा, मग तिला. चिमणा रडंल. रडू दे. आणि तिला ताप येतो मधूनमधून, तेव्हा पाण्याला धाडू नको."

"नाय धाडणार."

"बोल नीट."

"नाय धाडणार, विहीणबाय. माझीच पोर हाय ती आता."

"चला बाई," बद्रुद्दीन म्हणाला. "ऊन वाढलं."

नवसाबाईनं त्याच्याकडं असं पाहिलं, की तो दोन पावलं मागंच राहिला आणि पेठच्या रस्त्याला लागेपर्यंत तिच्या बरोबरीनं चालला नाही.